एल्म फोर्कच्या जुन्या अंकांत रॉय हॅडली

२००५ च्या ऑक्टोबरात मी चार दिवसांची रजा टाकली, तेव्हा ऑफिसात सगळ्यांना वाटलं, नायगाराला चालली. आपली माणसं रजा घेतात ती बहुतेक त्यासाठीच. मी आयोवाला जातेय म्हटल्यावर शेजारच्या टेबलावरच्या नागपूरच्या मुलीने विचारलं, "तिथे काय आहे गं?"

"मका," मी म्हटलं.

"आणि?"

"अजून मका."

खोटं नव्हतं ते. पण मी मका पाहायला जात नव्हते. मी एका मेलेल्या माणसाला शोधायला जात होते. ज्या गावाला कुणी मुद्दाम जात नाही त्याचं वर्णन कोण वाचणार, असं मलाही वाटतं. तरी ते चार दिवस अजून डोळे मिटले की धुक्यातून यावेत तसे येतात, म्हणून लिहिते आहे.

शॉमबर्ग

शिकागोच्या उपनगरात, शॉमबर्गला, आमच्या इमारतीत समोरच्या दारात एडना राहते. वय सत्याहत्तर. चाळीसेक वर्षं तिने शाळेची बस चालवली. २००२ च्या जानेवारीत लग्न होऊन मी इथे आले तेव्हा माझ्याजवळ इंजिनिअरिंगची डिग्री होती आणि काम करायचा परवाना नव्हता. समीर सकाळी ऑफिसला जायचा आणि मी खिडकीशी बसून बर्फ बघायची. एक दिवस या बाईने दार ठोठावलं.

"तुला गाडी येते का?"

"नाही."

"मग तू या देशात आलेलीच नाहीस. फक्त या खोलीत आली आहेस. कोट घाल, चल."

चर्चच्या रिकाम्या पार्किंगमध्ये तिने मला तिच्या जुन्या गाडीवर शिकवलं. माझ्या घरात माझ्याआधी कुणी सायकलपलीकडे काही चालवलं नव्हतं. "आरसा!" असं ती इतक्या जोरात ओरडायची, की अजून लेन बदलताना मला तो आवाज ऐकू येतो. आजीच्या वयाच्या बाईला नुसतं नावाने हाक मारायला माझी जीभ वळेना, म्हणून मी एडनाकाकू म्हणू लागले. काकू म्हणजे काय, असं तिने विचारलं. म्हटलं, काकाची बायको.

"मग काका कोण?"

"ती जागा सध्या रिकामी आहे."

ती खूप हसली. तिचा नवरा जाऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती.

गेल्या दोन वर्षांत तिच्या डोळ्यांचं दुखणं वाढलं. नजरेच्या मधोमध एक धूसर ठिपका आहे, कडेकडेने दिसतं. समोरच्या माणसाचा चेहरा दिसत नाही, कान दिसतात, असं ती सांगते. मी संध्याकाळी तिला पत्रं वाचून दाखवते. त्या ऑक्टोबरात सगळं शिकागो बेसबॉलने वेडं झालं होतं. तिच्या टीव्हीवर सामना लागला की ती चाचपडत बटन शोधून टीव्ही बंद करायची. मी कारण विचारलं.

"त्या खेळाचं आणि माझं बोलणं नाही," ती म्हणाली. मग तिने सांगितलं.

तिचे वडील रॉय हॅडली आयोवातल्या एल्म फोर्क नावाच्या गावच्या संघात पिचर होते. पिचर म्हणजे चेंडू टाकणारा, आपल्याकडच्या गोलंदाजासारखा. शिकागोच्या एका मोठ्या क्लबने त्यांना चाचणीला बोलावलं होतं म्हणे. त्याच उन्हाळ्यात एडना जन्मली आणि त्यानंतर ते कधी खेळले नाहीत. गावातल्या धान्याच्या कोठारावर पोती उचलण्याची नोकरी धरली, बोलणं कमी होत गेलं, आणि ती अकरा वर्षांची असताना ते गेले. आई शेवटपर्यंत एकच वाक्य म्हणायची: तू झालीस आणि तुझ्या बापाचा खेळ संपला.

"चिडून नाही हं म्हणायची," एडनाकाकू म्हणाली. "भांडी घासताना, हवापाण्याचं बोलावं तसं. मी कधी वाढदिवस केला नाही, तुला माहीत आहे. आता डोळे जातायत. जाण्याआधी मला एवढं कळायला हवं की हे खरं आहे का."

गावच्या वाचनालयात तिथल्या वर्तमानपत्राचे जुने अंक आहेत, एवढं तिने फोनवरून काढलं होतं. पण वाचणार कोण? मी म्हटलं, मी जाते.

"एक अट आहे. जे मिळेल ते रोज संध्याकाळी मला सांगायचं. साखर लावायची नाही. मी हजारो पोरं नेलीत बसमधून. खोटं बोलणाऱ्याचा आवाज मला मागच्या सीटवरूनही ओळखू येतो."

समीर म्हणाला, "वैशू, यार, रजा संपवून आयोवा? आणि तुला बेसबॉल कळतं तरी का?"

"क्रिकेट कळतं ना," मी म्हटलं. या एका वाक्याचा मला पुढे फार पश्चात्ताप झाला.

मंगळवार

शिकागोच्या उपनगरांची दुकानं मागे पडली की आभाळ एकदम खाली येतं. रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना कापणीला आलेला मका, वाळून कागदासारखा झालेला. दूर कुठेतरी कापणीचं यंत्र चालतं आणि त्याची धूळ उन्हात सोनेरी भिंतीसारखी उभी राहते. आमच्याकडे मेहकरला ज्वारीची कणसं खुडायला पन्नास बायका लागायच्या आणि त्यांची गाणी रस्त्यापर्यंत यायची. इथे एक माणूस काचेच्या खोलीत बसून अख्खं शेत कापत होता. आवाज होता, पण गाणं नव्हतं.

मिसिसिपीवरचा पूल ओलांडताना मी गाडी इतकी हळू केली की मागच्याने हॉर्न दिला. मी नदीकाठच्या गावात वाढले, पण पैनगंगा उन्हाळ्यात चपला हातात घेऊन ओलांडता येते. ही नदी काही केल्या संपेचना.

एल्म फोर्क दुपारी दोनला आलं. एक सिग्नल, एक बँक, तीन चर्चेस, धान्याची उंच पांढरी कोठारं, आणि विटांचं वाचनालय. तिथल्या लॉइस नावाच्या बाई पन्नाशीच्या, उंच, केस मुलासारखे कापलेले, चष्मा दोरीला बांधलेला.

"शॉमबर्गहून तुम्हीच ना? मला वाटलं, कुणी म्हातारा येईल. जुने अंक बघायला म्हातारेच येतात, आपल्या आजोबांनी गाव वसवलं हे सिद्ध करायला."

तळघरात एका कोपऱ्यात मायक्रोफिल्मचं यंत्र होतं. अंकांची पानं फिल्मवर उतरवून तिची रिळं करून ठेवतात. रीळ चढवायचं, हँडल फिरवायचं, समोरच्या पडद्यावर पानं सरकतात. डब्याचं झाकण काढलं आणि व्हिनेगरचा वास आला. जुनी फिल्म अशीच वास मारते, लॉइस म्हणाल्या. दिवा लागला. काळ्या पानावर पांढरी अक्षरं, आणि १९२८ चा वसंत माझ्यासमोरून वाहू लागला.

साप्ताहिक होतं ते, दर गुरुवारचं. अमक्याच्या गाईला जुळं झालं. तमक्या बाई बहिणीकडे जाऊन आल्या. शाळेच्या छतावर घुबड बसलं होतं. हँडल जरा जोरात फिरवलं की महिनेच्या महिने पावसासारखे पडायचे. थांबवलं की एखादं लग्न, एखादी आग, एखाद्या टोपीची जाहिरात समोर येऊन स्थिर व्हायची. मला घरी आल्यासारखं वाटलं, आणि त्याला कारण होतं. माझे बाबा मेहकरच्या एका छापखान्यात कंपोझिटर होते. सातवीपर्यंत शिकलेले. गावच्या साप्ताहिकाचे खिळे जुळवायचे. मी त्यांच्या शेजारी स्टुलावर बसून अक्षरं शिकले, ती उलटी. शाळेत गेल्यावर सुलटी करावी लागली. त्यांच्या काळ्या बोटांनी मला घरातली पहिली पदवीधर केलं.

पाच वाजायच्या सुमारास जूनच्या एका अंकात दोन ओळी आल्या: श्री. व सौ. रॉय हॅडली यांना शनिवारी कन्या झाली. पिचरसाहेबांच्या पायाला जमीन लागत नाही.

मी पडद्यावर हात ठेवला. दिव्याने काच गरम झाली होती.

संध्याकाळी एडनाकाकूला फोन करून त्या ओळी वाचून दाखवल्या. तिने त्या पुन्हा एकदा वाचायला लावल्या. मग म्हणाली, "जमीन लागत नाही असं लिहिलंय?"

"हो."

"बरं. पुढे बघ."

बुधवार

सामन्यांची वर्णनं मला कळेनात. त्या काळची खेळातली बोली इतकी फुललेली होती, की कुणी जिंकलं हेही तीनदा वाचावं लागायचं. त्यापेक्षा खालचे तक्ते सोपे होते. खेळाडूचं नाव आणि पुढे आकडे: किती धावा, किती फटके. आकडे सगळीकडे सारखेच, मी मनाशी म्हटलं, आणि वही काढली.

मे महिना: हॅडली, एक धाव, दोन फटके. पुढचा सामना, एक फटका. छान.

मग मुलगी जन्मते. जूनचा शेवटचा रविवार: हॅडली, शून्य, शून्य. जुलै: शून्य, शून्य. पुन्हा शून्य. सलग पाच सामने मी उतरवून घेतले.

दुपारी समोरच्या कॅफेत गेले. मांस नको म्हटल्यावर वाढणाऱ्या बाईने मला फार आजारी माणसाकडे बघावं तसं बघितलं आणि चीज घातलेलं भाजलेलं सँडविच आणून दिलं. वर न मागता पायचा, म्हणजे गोड सारण भरून भाजलेल्या जाड पोळीचा, तुकडा. "हे तरी खा गं, हवेने उडशील," म्हणाली. ऱ्हुबार्ब नावाच्या आंबट देठांची होती, आंबटगोड, आपल्या अंबाडीत गूळ घालून भाजली असती तर अशी लागली असती. तिथून समीरला फोन लावला आणि आकडे वाचून दाखवले.

"पाच इनिंग्ज, पाच डक?" तो म्हणाला. "यार, हा तर पूर्ण फॉर्म गेलेला प्लेअर आहे. ड्रॉप केला असणार टीमने."

"मुलगी झाल्यावरच कसा गेला पण?"

"झोप होत नसेल. बाळ रडतं ना. सचिनपण खेळला नसता." मग म्हणाला, "काकूंना सांगणार तू हे?"

"कबूल केलंय."

सहा वाजता वाचनालय बंद झालं. मी गाडी नदीकाठी उभी केली. पाण्यावर पानं इतकी सावकाश चालली होती की वाहतायत की थांबलीत, कळत नव्हतं. माझ्यात खोटं बोलायची हिंमत नव्हती आणि खरं बोलायचीही. शेवटी फोन लावला.

"काकू, मेमध्ये ते चांगलं खेळले. तुझ्या जन्मानंतर..." मी वही उघडली, जणू त्यात वेगळं काही निघेल. "नंतर प्रत्येक सामन्यात त्यांच्या नावापुढे शून्य आहे."

"प्रत्येक?"

"आत्तापर्यंत पाच."

"म्हणजे आई खरं बोलत होती," ती म्हणाली. आवाजात काही नव्हतं. हवापाण्याचं बोलावं तसा. "थँक यू, हनी. साखर लावली नाहीस."

फोन बंद झाला.

गुरुवार

सकाळी मी वाचनालयात गेले ती फक्त रिळं परत करायला. लॉइसबाई टेबलावर एका हाताने कार्डं लावत होत्या, दुसऱ्या हातात दालचिनीचा गोड पाव. इथे तो तिखट राजम्याच्या वाटीबरोबर खातात, शाळेत मुलांनाही तसाच देतात. मला आधी विचित्र वाटलं, मग आठवलं की आपणही पुरणपोळीबरोबर कटाची आमटी भुरकतो.

"झालं काम?"

"झालं. माणूस काही चांगला खेळाडू नव्हता."

"कोण म्हणतं?"

"आकडे म्हणतात," मी वही पुढे केली. त्यांनी दोरीचा चष्मा चढवला. पान बघितलं, मला बघितलं, परत पान बघितलं.

"तुम्ही या माणसाला बॅट घेऊन का उभं केलंय?"

"म्हणजे?"

"बाई, तो पिचर होता! पिचरने फटके मारावेत अशी कुणाची अपेक्षाच नसते. मी बारा वर्षं सॉफ्टबॉल खेळले, आमची पिचर बॅट घेऊन निघाली की आम्ही पाणी प्यायला जायचो." त्यांनी पाव ठेवला, बोटं पुसली आणि मला तळघरात जवळजवळ ओढतच नेलं. रीळ परत चढलं. जूनचा शेवटचा रविवार. तक्त्याच्या खाली एक ओळ होती, जी मी उतरवलीच नव्हती. पाहुण्या संघाचं नाव आणि पुढे नऊ आकडे, दर डावाच्या धावांचा एक.

"वाचा."

"शून्य, शून्य, शून्य..." नऊच्या नऊ.

"ही शून्यं कुणाची?"

"दुसऱ्या टीमची."

"आणि त्यांना ती दिली कुणी?"

मी पडद्याकडे बघत राहिले. काळ्या पानावरची ती नऊ पांढरी शून्यं हळूहळू नऊ चंद्रांसारखी दिसू लागली.

क्रिकेटमध्ये गोलंदाजाची मेहनत तक्त्यात त्याच्या नावापुढे लिहितात. इथेही खाली बारीक अक्षरांत थोडी होती, पण मी आपली सवयीने नावाशेजारचे धावांचे रकाने वाचत बसले होते. आम्ही दोघं, मी मेहकरची आणि समीर पुण्याचा, एका माणसाला त्याच्या सर्वात चांगल्या उन्हाळ्यात नापास करून मोकळे झालो होतो. लॉइसबाईंनी कागदाच्या पाठीवर मैदान काढून मला सगळा खेळ समजावला. दुपारपर्यंत मी पाचही सामने परत वाचले. दोनमध्ये त्याने समोरच्यांना एकही धाव करू दिली नव्हती. आणि ऑगस्टमध्ये हे: रॉय हॅडली मंगळवारी शिकागोला क्लबच्या मंडळींसमोर चेंडू टाकायला गेले, शुक्रवारी परतले, वसंतात पुन्हा बोलावणं आहे.

तो गेला होता. मुलगी दोन महिन्यांची असताना गेला होता.

मी बाहेर पायऱ्यांवर येऊन एडनाकाकूला फोन केला. वाजत राहिला. दहा मिनिटांनी परत, अर्ध्या तासाने परत. निरोप ठेवला: "काकू, माझी चूक झाली. मी तक्ता क्रिकेटसारखा वाचला. फोन उचल." समीरला तिच्या दारावर पाठवलं. त्याने संध्याकाळी कळवलं, "आतून आवाज आला, मी ठीक आहे, जा. दार नाही उघडलं."

"मी चुकले हे सांगितलंस का?"

"सांगितलं ना. त्या म्हणाल्या, तिला म्हणावं गाडी नीट चालव."

लॉइसबाईंनी वाचनालय बंद केल्यावर मला जुनं मैदान दाखवायला नेलं. आता तिथे जत्रेची जागा आहे, उरलेलं वर्ष रिकामी. गवतात पिचरचा उंचवटा अजून जाणवतो म्हणून त्या मला हाताला धरून इकडेतिकडे चालवत होत्या. "इथे. नाही, इथे." खरंच पायाखाली जमीन जराशी फुगली होती. आम्ही तिथे उभ्या राहिलो. कोठारांच्या मागे सूर्य गेला, सगळं गाव मक्याच्या धुळीत तांबूस झालं. मला वाटलं, मी आता हात वर केला तर समोर कुणीतरी बॅट घेऊन उभं असेल.

"मग त्याने सोडलं कशाने?" लॉइसबाई म्हणाल्या. "ते तुम्हाला अजून मिळालेलं नाही."

नव्हतंच मिळालं. सप्टेंबरच्या जत्रेत एकाच दिवशी दोन सामने झाले, दोन्हींत चेंडू हॅडलीनेच टाकले, दुसरा हरले. त्यानंतर त्याचं नाव नाही. पुढच्या एप्रिलच्या तक्त्यात पिचर म्हणून दुसराच कुणी. एडनाकाकूच्या प्रश्नाचं उत्तर त्या मधल्या कोऱ्या हिवाळ्यात कुठेतरी होतं, आणि कदाचित ते तिची आई म्हणायची तेच होतं.

शुक्रवार

मी दहाला हजर. खेळाची पानं चाळून संपली होती. ऑक्टोबर, नोव्हेंबर, पानामागून पान. डुकरांचे बाजारभाव, चुलींच्या जाहिराती. डोळे इतके शिणले, की अक्षरं वाचण्याऐवजी मी पानांचे नुसते आकार बघू लागले, लहानपणी स्टुलावरून बघायची तसे. आणि मग लक्षात आलं की मी मथळे असलेल्याच बातम्या वाचत होते.

बाबा कॉलम लावताना शेवटी नेहमी पाचसहा ओळींची जागा उरायची. मग ते संपादकांना आतून हाक मारायचे, "साहेब, काहीतरी द्या, भोक पडलंय!" आणि साहेब त्या दिवशी छापखान्यात चहाला जो कुणी येऊन गेला असेल त्याची बातमी करून द्यायचे. अमुक गुरुजी येऊन गेले, त्यांचे गुडघे दुखतात. गावातलं खरं काय ते त्या भोकांत असायचं.

मी रीळ मागे फिरवलं आणि पुन्हा सुरुवात केली. या वेळी फक्त प्रत्येक कॉलमचा तळ.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या अंकात, चुलीच्या जाहिरातीच्या खाली, मथळा नसलेल्या सहा ओळी:

रॉय हॅडली शनिवारी अंकाचा पत्ता बदलून द्यायला कचेरीत आले होते. डॉक्टर म्हणतात, दुखावलेला हात आता पूर्वीसारखा व्हायचा नाही. जत्रेत दुसऱ्या सामन्याला त्यांना कुणी उतरवलं, असं आम्ही विचारलं. "कुणी नाही," हॅडली म्हणाले. "सगळे म्हणत होते, बस झालं. मलाच टाकायचं होतं."

मी लॉइसबाईंना हाक मारली असावी, कारण त्या जिन्यावरून धावत आल्या. त्यांनी वाचलं. मग मी म्हटलं, "ती माझ्यावर विश्वास ठेवणार नाही. परवा एक सांगितलं, आज दुसरं. मी तिचं मन राखतेय असंच तिला वाटेल."

"मग तुम्ही वाचून दाखवू नका. ती वाचेल."

"तिला दिसत नाही."

"कडेने दिसतं म्हणालात ना?" त्यांनी त्या सहा ओळींची प्रत काढली. मग वरच्या मजल्यावरच्या यंत्रावर त्या प्रतीची मोठी प्रत, तिची आणखी मोठी, शेवटी एकेक अक्षर माझ्या बोटाएवढं झालं आणि सहा ओळींना सात मोठे कागद लागले. "माझ्या सासूचे डोळे असेच होते," त्या म्हणाल्या. "आम्ही सगळे तिला वाचून दाखवायचो आणि ती आमच्यावर चिडायची."

मी निघताना त्यांना वाकून नमस्कार केला. त्या गोंधळून मागे सरकल्या, मग घट्ट मिठी मारली. त्यांचा चष्मा माझ्या केसांत अडकला.

परतीची नदी, परतीचा मका, काही आठवत नाही. संध्याकाळी सहाला मी एडनाकाकूच्या दाराबाहेर उभी होते.

"मी आहे."

दार उघडलं. ती माझ्या चेहऱ्याच्या जरा बाजूला बघत उभी राहिली. "ऐकला तुझा निरोप. माझ्या बसमध्ये चढताना एक आणि शाळेत उतरताना दुसरंच सांगणारी पोरं खूप होती. चांगली पोरं असायची ती. दुसऱ्याला वाचवायला गोष्ट बदलायची."

"काकू, मी गोष्ट बदलत नाहीये. आधी मला वाचताच आलं नव्हतं."

"इंजिनिअर आहेस ना तू?"

"बेसबॉलमध्ये अडाणी आहे."

ती किंचित हसली, पण दारातून हलली नाही. मी तिच्या बाजूने आत शिरले, स्वयंपाकघरातल्या टेबलावरची बरणी, औषधं, रेडिओ उचलून ठेवलं आणि सातही कागद ओळीने मांडले. टेबलावरचा दिवा ओढून जवळ आणला.

"हे काय?"

"तूच बघ."

ती खुर्चीत बसली. मान डावीकडे कलती केली, डोळ्याच्या कडेने पहिल्या कागदावर नजर लावली. बोट एका अक्षरावर ठेवलं. मग पुढच्या. एक शब्द व्हायला एवढा वेळ लागत होता, की मी मध्येच सांगायला तोंड उघडलं आणि तिने नुसता हात वर केला. रॉय. हॅडली. शनिवारी. वडिलांचं नाव ती असं सुटं सुटं, मोठ्याने उच्चारतेय हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. डॉक्टर या शब्दाशी ती बराच वेळ थांबली. हात या शब्दावरून बोट दोनदा फिरवलं. सातव्या कागदावर पोचेपर्यंत बाहेर अंधार झाला होता.

"मलाच. टाकायचं. होतं."

ती परत पहिल्या कागदाकडे गेली. मला वाटलं, पुन्हा वाचतेय, पण ती आता वाचत नव्हती. एकेका कागदाच्या कडा चाचपत होती, कागदाखाली हात घालून बघत होती.

"यात माझं नाव कुठे आहे?"

"नाही, काकू."

"नीट बघ. तुझे डोळे चांगले आहेत. मागच्या बाजूला? वर कुठे? मुलगी, बाळ, असं काही?"

मी सातही कागद उलटून पालटून पाहिले. तिला माझा आवाज ऐकू जावा म्हणून सावकाश, स्पष्ट म्हटलं, "नाही. तुझं नाव यात कुठेच नाही."

तिने ऐकलं, मागच्या सीटवरच्या पोराचं ऐकावं तसं मान तिरकी करून. मग दोन्ही तळहात कागदांवर सपाट ठेवले आणि खुर्चीला पाठ टेकली.